१२११ यार्ड, दोनदा

१९४२ साली ग्रीन बे पॅकर्स संघाच्या डॉन हटसनने एका हंगामात झेल घेऊन १२११ यार्ड मिळवले. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एका हंगामात हजार यार्ड ओलांडणारा तो पहिला खेळाडू. बरोबर साठ वर्षांनी, २००२ साली, ओकलंड रेडर्सच्या जेरी राइसने एका हंगामात झेल घेऊन मिळवले १२११ यार्ड. तोच आकडा. एका यार्डाचाही फरक नाही.

हटसन तेव्हा २९ वर्षांचा होता आणि त्याने हे ११ सामन्यांत केलं. राइसला १६ सामने मिळाले, पण हंगाम चालू असतानाच त्याने वयाची चाळिशी पूर्ण केली. जिथे तिशी उलटली की बहुतेकांचे गुडघे बोलायला लागतात, अशा खेळात.

आता सांगा, यातलं मोठं काय?

"सर्वांत महान वाइड रिसीव्हर कोण?" हा प्रश्न अमेरिकेत किती जुना आहे आणि का मिटत नाही, ते या एका आकड्यात दिसतं. माझी या खेळाशी ओळख कामामुळे झाली. सोमवारी संध्याकाळचा कॉल सुरू व्हायच्या आधी पलीकडचे सहकारी रविवारच्या सामन्यांवरून भांडत असत आणि मला त्यातलं काही कळत नसे. मग सामने बघायला लागलो, आणि मग आकडे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला आकड्यांची चटक आधीच असते. त्यात माझा धंदा मोजमापाचा. एखादी सिस्टिम वेगवान आहे असं कुणी म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, "कशाच्या तुलनेत?" हाच प्रश्न घेऊन मी या यादीकडे बघतोय.

आधी खेळ, थोडक्यात

मैदान १०० यार्डांचं. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

पुढे जायचे मुख्य मार्ग दोन. चेंडू काखोटीला मारून पळायचं, किंवा क्वार्टरबॅकने तो पुढे फेकायचा आणि कुणीतरी झेलायचा. हे झेलण्याचं काम प्रामुख्याने वाइड रिसीव्हरचं. तो कडेला उभा राहतो, आधी ठरलेल्या वाटेने धावतो, अचानक वळतो, आणि चेंडू येईल त्या जागी पोचतो. त्याच्या अंगाला चिकटून प्रतिस्पर्ध्याचा कॉर्नरबॅक धावत असतो. चेंडू बऱ्याचदा रिसीव्हर वळण्याआधीच हातातून सुटलेला असतो. म्हणजे सीमारेषेवरचा झेल, पण फलंदाज ठरवून तुमच्याकडेच मारतोय आणि शेजारी एक माणूस तुम्हाला तो घेऊ न देण्याचाच पगार घेतोय.

यातली मेख अशी की रिसीव्हर स्वतःला चेंडू फेकू शकत नाही. तो कितीही मोकळा सुटला तरी फेकणारा चुकला, किंवा प्रशिक्षकाला पळवूनच खेळायचं असलं, की त्याच्या नावापुढे शून्य लागतं. त्यामुळे रिसीव्हरचा प्रत्येक आकडा थोडा दुसऱ्याचाही असतो.

हटसन: बाकीच्यांच्या दुप्पट

हटसन १९३५ ते १९४५ अशी ११ वर्षं खेळला. तेव्हा फुटबॉल म्हणजे मुख्यतः ढकलाढकली. चेंडू फेकणं हा धोक्याचा, नाइलाजाचा मार्ग. हटसनने ठरलेल्या वाटांनी धावणं, हुलकावणी देणं, वेग बदलणं ही या कामाची मुळाक्षरं गिरवली. ११ पैकी ९ हंगामांत सर्वाधिक टचडाउन झेल त्याचे होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध त्याने एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १५ मिनिटांच्या खेळात, एकट्याने २९ गुण केले.

पण १९४२ चा हंगाम वेगळाच आहे. त्याचे झेल ७४. दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूचे २७. टचडाउन झेल त्याचे १७, दुसऱ्याचे ८. यार्डही दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. क्रिकेटमध्ये असा दुरावा बघायचा तर ब्रॅडमनकडे जावं लागतं. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ९९ टचडाउन झेल होते. हा विक्रम मोडायला १९८९ साल उजाडलं. सिअ‍ॅटलच्या स्टीव्ह लार्जंटने शंभरावा झेल घेतला, तोपर्यंत ४४ वर्षं गेली होती.

"कशाच्या तुलनेत?" या प्रश्नाचं उत्तर समकालीनांच्या तुलनेत असं असेल, तर यादी इथेच संपायला हवी. हटसन पहिला, विषय बंद.

पण भागाकारात वरच्या आकड्याइतकाच खालचा आकडाही महत्त्वाचा असतो. हटसनच्या ७४ झेलांखाली जे २७ आहेत, ते कुणाचे? लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरचे. आणि लीगमध्ये कोण होतं?

मैदानाबाहेर उभा असलेला माणूस

एनएफएलच्या सुरुवातीच्या वर्षांत थोडे कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही नव्हता. कागदावर नियम नव्हता, मालकांमधली समजूत होती. हटसनची कारकीर्द १९३५ ते १९४५. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तो फक्त गोऱ्यांच्या लीगमध्ये खेळला. शेवटची काही वर्षं तर युद्धाची. बरेच खेळाडू सैन्यात गेलेले, संघ कसेबसे जुळवलेले.

त्याच काळात कॅलिफोर्नियात वुडी स्ट्रोड नावाचा माणूस होता. जन्म १९१४, हटसनहून दीडेक वर्षाने लहान. यूसीएलए विद्यापीठाकडून तो 'एंड' या जागी खेळायचा, म्हणजे हटसनचीच जागा. १९३९ च्या त्या संघात त्याच्याबरोबर केनी वॉशिंग्टन होता, आणि पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडवणारा जॅकी रॉबिन्सनही. शिक्षण संपल्यावर स्ट्रोड आणि वॉशिंग्टन यांना एनएफएलचं दार बंद होतं.

१९४६ साली रॅम्स हा संघ क्लीव्हलंडहून लॉस एंजलिसला आला. त्यांना तिथलं कलोसियम स्टेडियम हवं होतं. ते सार्वजनिक पैशातून बांधलेलं. कृष्णवर्णीय पत्रकारांनी मुद्दा लावून धरला: सगळ्यांच्या पैशाच्या मैदानावर फक्त गोरा संघ कसा? दबाव आला, आणि रॅम्सने वॉशिंग्टन व स्ट्रोड यांना करारबद्ध केलं. बारा वर्षांची भिंत पडली.

स्ट्रोड तेव्हा ३२ वर्षांचा होता. एनएफएलमध्ये तो एकच हंगाम खेळला. झेल चार, यार्ड ३७. मग तो सिनेमाकडे वळला. 'स्पार्टाकस'मध्ये कर्क डग्लससमोर लढणारा उंचापुरा ग्लॅडिएटर आठवतो? तो वुडी स्ट्रोड.

हटसनचे ४८८ झेल आणि स्ट्रोडचे ४. आकड्यांच्या तक्त्यात हे दोघे एकाच खेळाच्या एकाच जागेवरचे खेळाडू म्हणून दिसतात. पण स्ट्रोडचे चार झेल त्याच्या कुवतीबद्दल काहीच सांगत नाहीत. ते सांगतात की दार उघडायला किती उशीर झाला. हटसनला यात दोष नाही. त्याने नियम बनवले नव्हते आणि समोर जे आले त्यांना त्याने धुऊन काढलं. पण "बाकीच्यांच्या दुप्पट" म्हणताना बाकीच्यांत कोण नव्हतं ते सांगितलं नाही, तर मोजमाप अर्धवट राहतं.

१९६२: दोन घटना

भिंत पडली तरी सगळ्या संघांनी लगेच दार उघडलं नाही. सर्वांत शेवटी आला राजधानी वॉशिंग्टनचा संघ. त्याचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल याने १९६१ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू संघात घेतला नाही. इथेही मैदानानेच खिंडीत गाठलं. नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जागेवर होतं, आणि केनेडी सरकारचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी बजावलं की भेदभाव करायचा असेल तर हे मैदान मिळणार नाही.

म्हणून १९६२ मध्ये क्लीव्हलंडहून बॉबी मिचेल आला. तिथे तो चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक होता. वॉशिंग्टनने त्याला कडेला उभं करून झेलायला लावलं. पहिल्याच हंगामात त्याने ७२ झेल आणि १३८४ यार्ड मिळवले. दोन्हीत तो एनएफएलमध्ये पहिला. ज्या संघाला तो इतकी वर्षं नको होता, त्याच संघाकडून.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सैन्याच्या बंदोबस्तात प्रवेश मिळाला. आदल्या रात्री तिथे दंगल झाली होती. त्यानंतर बारा दिवसांनी, १३ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड या छोट्या गावातल्या एका गवंड्याला मुलगा झाला. नाव जेरी.

राइस: विटा झेलणारा पोरगा

जेरी राइस उन्हाळ्यात वडिलांच्या हाताखाली काम करायचा. भाऊ खालून विटा फेकायचे, तो वर झेलायचा. ही गोष्ट त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. मोठ्या विद्यापीठांनी त्याला बोलावलं नाही. तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं हे कॉलेज, फुटबॉलच्या नकाशावर जवळपास अदृश्य. तिथे त्याने आणि क्वार्टरबॅक विली टॉटनने विक्रमांचा धुमाकूळ घातला, तरी शंका उरलीच: दुबळ्या संघांविरुद्ध कुणीही खेळेल, शिवाय पोरगा सरळ शर्यतीत तसा वेगवानही नाही. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये १५ नावं पुकारून झाल्यावर सोळाव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला घेतलं.

पुढचे आकडे सावकाश वाचा. २० हंगाम. १५४९ झेल. २२,८९५ यार्ड. १९७ टचडाउन झेल. यार्डांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेरल्ड आहे, १७,४९२. मध्ये पाच हजारांहून अधिक यार्डांची दरी. आज एखादा तरुण खेळाडू लीगमध्ये आला आणि त्याने दरवर्षी १२०० यार्ड मिळवले, तर तो उत्तम म्हणवला जाईल. असं त्याने सलग १९ वर्षं केलं तर होतात २२,८००. अजून ९५ कमी.

राइसविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा की त्याला जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग असे दोन अव्वल क्वार्टरबॅक मिळाले. खरं आहे. शिवाय १९७८ साली नियम बदलले होते. त्याआधी कॉर्नरबॅक रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडेही धक्के देत राहायचा. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट तर त्यासाठी इतका कुप्रसिद्ध होता की नव्या नियमाला लोक त्याच्याच नावाने ओळखतात. त्याच वर्षी सामनेही १४ चे १६ झाले. थोडक्यात, राइसच्या काळात रस्ता रुंद झाला होता.

पण रस्ता सगळ्यांसाठीच रुंद झाला होता. म्हणून पुन्हा आपला प्रश्न: कशाच्या तुलनेत? १९८७ चा हंगाम बघा. खेळाडूंच्या संपामुळे राइस १२ च सामने खेळला. टचडाउन झेल २२. दुसऱ्या क्रमांकावरच्याचे ११. बरोबर निम्मे. हटसनच्या १७ विरुद्ध ८ ची आठवण करून देणारा हा दुरावा, फक्त आता लीग सगळ्यांना खुली होती. त्याच्यासमोर धावणाऱ्यांत देशातले सगळे होते, आणि त्यातच तो दुप्पट होता.

माझ्यासाठी वाद इथे मिटतो.

मॉस: जो तक्त्यात मावत नाही

मग रँडी मॉसचं काय? हा प्रश्न तिशीच्या आतबाहेरचा प्रत्येक अमेरिकन चाहता विचारतो, कारण राइस त्यांनी ऐकलाय आणि मॉस त्यांनी बघितलाय.

मॉस सहा फूट चार इंच उंच, आणि त्या उंचीला न शोभणारा वेग. कॉलेजपूर्वीच्या आणि कॉलेजच्या काळातल्या भानगडींमुळे १९९८ च्या ड्राफ्टमध्ये २० निवडी त्याच्याशिवाय झाल्या. एकविसाव्यात मिनेसोटा व्हायकिंग्सने त्याला घेतलं. न घेणाऱ्यांत डॅलस काउबॉयज होते. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सगळा देश जेवण आटोपून टीव्हीसमोर बसलेला असताना, मॉस डॅलसच्या मैदानावर उतरला. झेल तीन, यार्ड १६३, टचडाउन तीन. तिन्ही ५० यार्डांहून लांबचे. पहिल्या हंगामात त्याचे १७ टचडाउन. कुणाच्या डोक्यावरून झेल घेतला तर त्याला 'मॉस' केलं, असं क्रियापदच तिथे रूढ झालं.

पण माझ्या मते मॉसची खरी गोष्ट २००६ आणि २००७ या दोन वर्षांत आहे. २००६ मध्ये तो ओकलंडच्या डबघाईला आलेल्या संघात होता: ५५३ यार्ड, ३ टचडाउन. लोक म्हणाले, संपला, शिवाय मनापासून खेळत नाही. ओकलंडने त्याला ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात न्यू इंग्लंडला देऊन टाकलं. तिथे चेंडू फेकायला होता टॉम ब्रेडी. २००७ मध्ये मॉसचे २३ टचडाउन झेल, एका हंगामातला विक्रम. माणूस तोच, पाय तेच, फक्त फेकणारा हात बदलला.

हा विक्रम राइसच्या २२ पेक्षा एकाने मोठा, पण १६ सामन्यांत. आणि त्या वर्षी दुसऱ्याचे १६ होते. दुरावा मोठा, दुप्पट मात्र नाही. तरी मॉसला मी दुसरा ठेवतो, कारण त्याने केलेलं बरंच काम त्याच्या नावावर लागतच नाही. त्याला रोखायला दोन-दोन माणसं मागे राहायची, आणि त्यामुळे दुसरेच कुणीतरी मोकळे सुटायचे. ते यार्ड त्या दुसऱ्यांच्या खात्यात जमा झाले.

तर माझी यादी

पहिला राइस. दुसरा मॉस. तिसरा हटसन: कामाची मुळाक्षरं त्याची, पण त्याचा काळ अर्ध्या दाराचा.

चौथा लॅरी फिट्झजेरल्ड. सतरा हंगाम एकट्या अ‍ॅरिझोनाकडे, बऱ्याचदा सुमार क्वार्टरबॅकांबरोबर. २००८ च्या बाद फेरीत त्याने ५४६ यार्ड आणि ७ टचडाउन करून त्या संघाला जवळपास एकट्याने सुपर बोलपर्यंत ओढलं.

पाचवा टेरेल ओवेन्स, आणि इथे भांडण होणार हे मला माहीत आहे. १५,९३४ यार्ड, १५३ टचडाउन. पाय मोडल्यावर सात आठवड्यांत सुपर बोल खेळून ९ झेल आणि १२२ यार्ड. तरी एनएफएलने शंभरीनिमित्त २०१९ मध्ये दहा सर्वकालीन रिसीव्हर निवडले, त्यात तो नाही. हॉल ऑफ फेमसाठीही तो तिसऱ्या वर्षी निवडला गेला. तोंडाळ होता, सहकाऱ्यांशी भांडायचा, हे सगळं खरं. पण स्वभावाचे गुण वजा करायचे असतील तर ती वेगळी यादी झाली.

त्या दहांमधला पॉल वॉरफिल्ड मात्र तुम्ही एकदा वाचाच. कारकिर्दीत फक्त ४२७ झेल, कारण मायामीत त्याचा संघ चेंडू पळवूनच जिंकायचा. पण त्यातले ८५ टचडाउन. दर पाच झेलांमागे एक. त्याच्याकडे दुप्पट वेळा चेंडू फेकला असता तर आज आपण कुणाची नावं घेत असतो?

आणि कॅल्विन जॉन्सन? २०१२ मध्ये १९६४ यार्डांचा विक्रम, पण त्या वर्षी संघ सोळापैकी बारा सामने हरला. नऊ हंगामांनंतर, अवघ्या तिशीत, तो थांबला. उंचीने तो मॉसच्या शेजारी बसतो. लांबीने बसत नाही, म्हणून बाहेर.

तुमची यादी वेगळी असू शकते. असावीच. फक्त ती करताना प्रत्येक नावापुढे आकड्यांशेजारी आणखी एक रकाना ठेवा: त्या वर्षी मैदानात यायची परवानगी कुणाकुणाला होती. हटसनच्या ओळीत तो रकाना भरताना वुडी स्ट्रोडचं नाव लिहावं लागतं. राइसच्या ओळीत तसं कुणाचं नाव लिहावं लागत नाही. क्रॉफर्डच्या त्या गवंड्याचा पोरगा वीस वर्षं आधी जन्मला असता, तर त्याच्या वाट्याला बॉबी मिचेलसारखं उशिरा उघडलेलं दार आलं असतं. चाळीसेक वर्षं आधी जन्मला असता, तर बहुधा आयुष्यभर विटाच झेलत राहिला असता, आणि त्या कुणी मोजल्या नसत्या.